जांभळाची नेग्रोनी

पुणे
४ ऑगस्ट २०२४

अक्का,

पाया पडतो. तुझी खुशाली विचारायचं धाडस होत नाही, म्हणून ते वाक्य गाळलं.

दाजींना जाऊन आज महिना झाला. तुझा फोन मला लागत नाही. आधी वाटलं रेंज नसेल. परवा हॉटेलातल्या एकाच्या फोनवरून लावला तर दुसऱ्याच रिंगला तू उचललास. "कोण बोलायलंय?" म्हणालीस, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे सरळ तुझ्या हातात पडेल.

तेराव्याला सगळी माणसं उठून गेल्यावर तू मला एवढंच म्हणालीस, "तू घरात बाटली आणलीस." ते खरं आहे. माझं काम बारच्या काउंटरमागं उभं राहून ग्लास बनवायचं आहे. ते काम मी पुण्यातच ठेवायला पाहिजे होतं. बोरीला आपल्या रानात, भावकीच्या पोरांना दाखवायला म्हणून ते सामान उघडायला नको होतं. दोन वर्षं झाली होती दाजींनी दारू सोडून. मी विचार केला नाही. ही चूक मी कबूल करतो.

पण अक्का, दाजींनी ग्लास स्वतः मागून घेतला, हे तुला त्यांनीच सांगितलं होतं. मोठ्या माणसाला मी काय अडवणार होतो? एका ग्लासावरून पुढं एकोणीस दिवस ते पीत राहतील, आणि पुन्हा घेतली तर वाचणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते तसंच होईल, हे मला कसं ठाऊक असणार?

माय सांगत होती, मंजू बापाचं नाव काढू देत नाही. तेरा वर्षांचं लेकरू आहे. निवळेल हळूहळू.

माय आता तुझ्याकडंच राहायला आली हे बरं झालं. दोघी एकमेकींना धरून राहा.

तुझा
अमृत


पुणे
१५ सप्टेंबर २०२४

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पत्र परत आलं नाही, तेवढ्यावर मी दुसरं लिहायला बसलोय.

आज तुला माझ्या कामाबद्दल नीट सांगतो. पंधरा वर्षांत कधी सांगितलं नाही. माय गावात सांगते, माझा पोरगा हॉटेलात ज्यूसच्या काउंटरला आहे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही, आणि तुलाही नाही.

नेग्रोनी नावाचं एक जुनं इटालियन पेय आहे. तीन दारू सारख्या मापानं घ्यायच्या. एक जिन, पाण्यासारखी दिसणारी, तिला रानातल्या पाल्यासारखा वास. दुसरी लालभडक आणि कडू. तिसरी गोडसर, मसाल्याची. बर्फावर ढवळायच्या आणि वर संत्र्याची साल पिळायची. पहिला घोट गोड लागतो आणि मागून कडू येतं. शिकलेली, पैसेवाली माणसं तासभर एक ग्लास पुरवतात.

मी त्यात जांभूळ घातलं. जांभळाचा गर दोन दिवस जिनमध्ये मुरवायचा, गाळायचा, आणि मग बाकीच्या दोन तिच्यात मिसळायच्या. संत्र्याऐवजी मोसंबीची साल. वर काळ्या मिठाची चिमूट, आपण लहानपणी जांभळं खायचो तशी. रंग असा येतो की ग्लास उजेडाला धरला तरी आरपार दिसत नाही.

ती जांभळं तू पाठवलेली होती, अक्का. दर वर्षी जूनमध्ये माहेरी जाऊन ओढ्याकाठच्या झाडाची जांभळं तू उतरवून घ्यायचीस, पळसाची पानं खाली घालून खोके भरायचीस आणि जिंतूरहून येणाऱ्या एसटीत ठेवून द्यायचीस. पहिल्या वर्षी तू विचारलंस, "एवढ्या जांभळांचं काय करतोस रे?" मी म्हणालो, "शरबत." दाजींची दारू सुटावी म्हणून तू त्या वर्षी सोमवार धरले होतेस, आणि तुझ्याच हातची जांभळं मी इथं जिनमध्ये बुडवत होतो.

आणखी एक. आमच्या मेनूकार्डावर त्या पेयाचं नाव 'शालू' आहे. मॅनेजर म्हणाले गावाकडचं काहीतरी नाव दे, आणि मला तुझंच सुचलं. मला तेव्हा ते मानाचं वाटलं होतं. लोक येतात आणि म्हणतात, "दोन शालू द्या." गेलं वर्षभर मी ते ऐकतोय. जुलैपासून ऐकवत नाही.

मेमध्ये मुंबईला बारवाल्यांची स्पर्धा झाली, तिथं ह्याच पेयाला पहिला नंबर मिळाला. परीक्षक बाई म्हणाल्या, यात दारू आहे हे जिभेला कळतच नाही, हीच तुमची कला. त्याचा व्हिडिओ आपल्या चुलत्याच्या हरिओमनं गावभर फिरवला. जूनमध्ये मी घरी आलो तो त्याच तोऱ्यात.

अमृत


पुणे
२० नोव्हेंबर २०२४

अक्का,

दिवाळीला आलो नाही. माय फोनवर म्हणाली, "ये की लेकरा," आणि मागून तुझा आवाज आला नाही, तेव्हा कळलं.

दाजी एकदा पुण्याला आले होते ते आठवतं? मंजूच्या डोळ्यांचा नंबर काढायला. तू आणि मंजू दवाखान्यात रांगेला होता आणि दाजी मला भेटायला हॉटेलवर आले. दुपारची वेळ, बार उघडायला अवकाश होता. मी त्यांना आत यायला नको म्हणालो. ते म्हणाले, "येऊ दे की. तू काय करतोस ते आमच्यापैकी एकानं तरी बघायला पाहिजे."

काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर बसले. मी बर्फ फोडत होतो, लिंबं चिरत होतो, ग्लास पुसत होतो. ते बडीशेप चघळत बघत होते. मागच्या फळीवर बाटल्यांची रांग. मला वाटलं, बघवणार नाही त्यांना. तर हसून म्हणाले, "ह्यातल्या लय जणी माझ्या ओळखीच्या हायेत. पर आता बोलचाल बंद हाय." मग माझ्या हातांकडं बघून म्हणाले, "अमृत, तुझा हात लय साफ चालायलाय."

घरातल्या कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते तेवढं एकदाच. त्यांना मी लिंबू सोडा दिला. त्यांनी तो वास घेऊन प्यायला. त्यांची ती सवय तुला माहीत आहे. व्यसन सोडल्यापासून दुसऱ्याच्या हातचं काहीही आधी नाकाशी न्यायचे, अगदी लग्नातलं ताकसुद्धा. "मंजूच्या डोक्यावर हात ठेवलाय, चुकून बी जाता कामा न्हाई," म्हणायचे.

आता त्या दुपारचं लिहितो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की दाजींनी ग्लास मागून घेतला. तसं झालं नाही. ते मायच्या शेळ्या पाण्यावर नेऊन परत येत होते. आम्ही झाडाखाली बसलो होतो, मी, हरिओम आणि भावकीतले दोघं. दाजी आमच्याकडं येतच नव्हते. बांधावरून परस्पर घराकडं वळले होते.

मी हाक मारली.

एवढंच आज लिहवतं.

अमृत


पुणे
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

काल मायचा फोन आला. रडत होती. मंजूनं शेळ्यांचे केस कातरायच्या कातरीनं आपल्या दोन्ही वेण्या कापून टाकल्या म्हणाली. तू विचारलंस तर म्हणाली, "ज्या डोक्यावर हात ठेवून बाबांनी खोटी शपथ घेतली, त्याच्यावरचे केस मला नकोत." आणि म्हणाली, "शपथ मोडली की ज्याची घेतली ते मरतंय. बाबांना ठावं होतं. तरी पेले. म्हंजे मी मेले असते तरी त्यांना चाललं असतं."

मी काल कामावर गेलो नाही. आज सकाळपासून लिहायलोय आणि फाडायलोय. आता हे फाडणार नाही.

अक्का, दाजींनी शपथ मोडली न्हाई.

त्या दिवशी मिरग लागून आठ दिवस झाले होते, पाऊस न्हवता. दाजींचं तोंड उन्हानं काळं पडलं होतं. आमची पोरं आधीच दोन-दोन ग्लास पेलेली. हरिओम म्हणाला, "मुंबईच्या बाईला कळलं न्हाई म्हणतोस दारू हाय ते. दाजीला कळतंय का बघ. त्यांनी उभी हयात पेलीय." मी त्याला गप्प बसवायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात मात्र आलं, खरंच, ह्यांना कळलं न्हाई तर मग कुणालाच कळणार न्हाई.

मी हाक मारली, "दाजी, जांभळाचं शरबत घ्या." ग्लास भरला. रस नेहमीपेक्षा जास्त, बर्फ जास्त, मीठ जास्त. जिन, कडू, गोड, तिन्ही होत्या. तू आणि माय घरी धपाटे करत होता.

दाजींनी ग्लास हातात घेतला. नाकाकडं न्यायला लागले आणि मधेच थांबले. मला विचारलं, "अमृत, यात दारू न्हाई ना?"

मी म्हणालो, "न्हाई दाजी. निव्वळ जांभूळ हाय."

मग त्यांनी वास घेतला न्हाई. एका दमात सगळा ग्लास पेले.

खाली ठेवताना माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. हरिओम हसला. "न्हाई कळलं, न्हाई कळलं," म्हणाला. मी बी हसलो, अक्का. दाजींनी तांब्यातल्या पाण्यानं ग्लास विसळला, पालथा घातला आणि म्हणाले, "चव चांगली झालीय." मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नंतर त्यांनी गाडी काढली आणि देवगाव फाट्यावरच्या दारूच्या दुकानाकडं गेले. पुढचं तुला ठाऊक हाय. घशाखाली एकदा उतरल्यावर त्यांना ते थांबवता आलं न्हाई.

त्यांनी सतराव्या दिवशी परभणीच्या दवाखान्यातून मला फोन केला. आवाज लय बारीक होता. म्हणाले, "शालूला मी सांगितलंय, मीच मागून घेतली म्हणून. तू आता दुसरं काय बोलू नको. तिला एकच भाऊ हाय." मी म्हणालो, "हो दाजी." माफी मागितली न्हाई. बरं हाय का विचारलं न्हाई. नुसतं हो म्हणालो आणि ठेवला. दोन दिवसांनी ते गेले.

त्यांनी माझं झाकलं आणि मी ते सात महिने अंगावर घेऊन बसलो. पहिल्या पत्रात तर त्यांच्याच शब्दाच्या आडून तुलाच उलटं विचारलं.

शपथ मोडली ती मी. मंजूला हे सांग. तिच्या बापानं शेवटपर्यंत तिचं डोकं सांभाळलं.

अमृत


अंगणवाडी केंद्र, ता. सेलू
२८ फेब्रुवारी २०२५

अमृत,

तुझी चारी पत्रं मिळाली. पहिली तीन मी त्या त्या दिवशी वाचून पोषण आहाराच्या रजिस्टरात ठेवली. चौथं वाचून मी लेकरांना लवकर घरी सोडलं आणि दार लावून बसले.

तुला एक सांगते. त्या एकोणीस दिवसांत मी ह्यांना काय काय बोलले ते तुला ठावं न्हाई. पहिल्या दिवशी घरी आले तवा मी विचारलं, "कुणी पाजली?" ते म्हणले, "मीच मागून घेतली." मी म्हणले, "तुमाला लेकीपक्षा बाटली मोठी झाली." ते गप. मी म्हणले, "तुमी तिच्या डोक्यावर हात न्हाई, पाय ठेवला." तरी गप. मंजू तिथंच उभी होती. तिनं समदं ऐकलं. तिच्या डोक्यात जे हाय ते मी घातलंय, अमृत. तुझ्या खोट्यावर मी घर बांधलं आणि लेकीला त्यात बसवलं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. मी ग्लास खाटंवर ठेवला. हातात दिला न्हाई. त्यांना उचलता आला न्हाई. बाजूच्या खाटंवरच्या म्हातारीनं उठून पाजलं. मी बघत बसले. आता रोज बघते.

एवढा बोलका माणूस. शेळ्यांशी बोलायचा. एकदा तरी तोंड उघडायचं होतं त्यानं. "शालू, मला फसवून पाजली," एवढं म्हणला असता तर मी त्याला मांडीवर घेतलं असतं. तुझ्यासाठी बोलला न्हाई. मला भाऊ राहावा म्हणून त्यानं त्याची बायकू आणि लेक घालवली.

तू लिहितोस, मंजूला सांग. मी सांगणार न्हाई. मी सांगितलं तर तिला वाटंल आई समजूत काढायली. तू येऊन सांग. तिच्या तोंडाकडं बघून सांग. पत्रात न्हाई, फोनवर न्हाई. वार्षिक परीक्षा होऊ दे, तिला अभ्यासात हे नको. मे लागला की ये.

मुक्कामाला येऊ नको.

शालू


पुणे
१६ एप्रिल २०२५

अक्का,

रविवारी ४ मे ला सकाळी येतो. परभणीहून पहिली गाडी धरून फाट्यावर उतरेन आणि तिथून चालत.

नोकरी सोडली. त्या आधी मॅनेजरांना म्हणालो, ते पेय कार्डावरून काढा. ते म्हणाले, सगळ्यात जास्त तेच खपतं, आणि बनवायची रीत हॉटेलात काम करताना काढलेली, म्हणजे ती हॉटेलची. मग म्हणालो, निदान नाव तरी बदला. "का?" म्हणाले. मी म्हणालो, ते माझ्या बहिणीचं नाव आहे. ते म्हणाले, "मग तर चांगलंच आहे."

आता जांभळाचा गर डब्यातून येतो, बारा महिने. मी गेलो तरी काही अडणार नाही. शेवटच्या दिवशी दुपारी एका टेबलानं चार शालू मागितल्या आणि मी त्या बनवून दिल्या. तुला खोटं सांगायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तेही लिहितो.

आता एका वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये लागलोय. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी. मी दारू कधीच पीत नव्हतो, चव घेऊन थुंकायचो. इतकी वर्षं वाटायचं, तेवढ्यानं मी ह्यातून वेगळा आहे.

मंजूला काय सांगायचं त्याची मी रोज मनात तालीम करतो. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

अमृत


देवगाव फाटा
४ मे २०२५

अक्का,

परभणीच्या गाडीला तासभर अवकाश आहे. चहाच्या टपरीवर बसून हे लिहायलोय, विसरायच्या आत. तू घरातून बाहेर आली नाहीस, म्हणून काय बोलणं झालं ते तुला कळायला पाहिजे. पत्र इथंच पेटीत टाकतो.

तू मायकरवी सांगितलंस तसा मी खालच्या रानात गेलो. मंजू शेळ्या राखत होती. केस कानापर्यंत आलेत तिचे. मला बघून उभी राहिली, पाया पडायला वाकली. मी म्हणालो, आधी ऐक, मग ठरव. सगळं सांगितलं. तालीम केलेलं एक वाक्य आठवलं नाही, जसं झालं तसं बोललो. ती माझ्याकडं बघत नव्हती, शेळ्यांकडं बघत होती.

मी थांबल्यावर तिनं विचारलं, "वास घेतला न्हाई त्यांनी?"

"न्हाई."

"ते तर माझ्या हातचा चहा बी वास घेऊन प्यायचे."

"मला विचारलं त्यांनी. मी न्हाई म्हणालो. म्हणून घेतला न्हाई."

एक करडू तिच्या ओढणीला तोंड लावत होतं, तिनं ते बाजूला केलं. मग म्हणाली, "पेल्यावर तरी त्यांना कळलं का?"

"कळलं."

"मग काय म्हणले?"

"चव चांगली झालीय म्हणाले."

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. अक्का, ती दाजींसारखंच बघते. म्हणाली, "मामा, तुमी एवढे दिस का बोलला न्हाईत?"

मी म्हणालो, "भ्यालो."

ती म्हणाली, "बाबा भ्याले न्हाईत." आणि उठून शेळ्या वळवल्या. जाताना मागं वळून म्हणाली, "तुमी जावा आता. आजी भाकर खायला थांबवंल, थांबू नका."

मायनं खरंच थांबवलं. मी थांबलो नाही. ती ओट्यावर उभी राहून हाका मारत होती आणि तुझ्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी दाराला नमस्कार केला आणि निघालो.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायची माझी लायकी असेल तेव्हा मागेन.

गाडी आली वाटतं.

अमृत


अंगणवाडी केंद्र, ता. सेलू
२९ जून २०२५

अमृत,

ह्यांचं वर्षश्राद्ध तिथीनं मंगळवारी झालं. तुला बोलावलं न्हाई. ते विसरून न्हाई, मुद्दाम.

तू गेलास त्या दिवशी मंजू दिवस मावळायला घरी आली. शेळ्या बांधल्या, हातपाय धुतले आणि माझ्यापाशी येऊन बसली. म्हणली, "आई, बाबा लहानपणी मला खांद्यावर घेऊन कुठं न्यायचे?" मी म्हणले, "बोरीच्या बाजाराला." ती म्हणली, "मला आठवत न्हाई. सांग." मी सांगायला लागले. बाजारात तिनं फुग्यासाठी कसं त्यांचं मुंडासं सोडलं होतं ते सांगितलं, तर ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. ते गेले तवा रडली नव्हती, दहनाला न्हाई, तेराव्याला न्हाई. त्या दिवशी रडली. मायनं तिला कवळ घातली आणि मी दोघींच्या मधी बसून राहिले. मला बी मग धीर राहिला न्हाई. ग्लास खाटंवर ठेवला होता ते मी तिला सांगितलं. लपवलं न्हाई. तिनं माझा हात धरून ठेवला.

श्राद्धाला पाणी मंजूनं दिलं. भावकीतले म्हणले, पोरीनं कसं द्यायचं, मेव्हणा म्हणून हरिओमनं द्यावं. मंजू म्हणली, "न्हाई, मीच देणार. ते माझे बाबा हायेत." हरिओम खाली मान घालून बसला होता. मी त्याला काय बोलले न्हाई. त्याला कळलंय की मला कळलंय.

आता तुझं. माय रोज म्हणती, लेकराला बोलाव, एकटं हाय. मी तुझ्यावर चिडलेली न्हाई असं लिहिलं तर खोटं होईल. पाटावर ह्यांचं ताट वाढताना माझ्या मनात तुझ्याबद्दल जे आलं ते मी कागदावर लिहू शकत न्हाई. आणि तूच तो, ज्याला मी कडंवर घेऊन बांध ओलांडले, तापात कुशीत घेऊन निजले. दोन्ही खरं हाय. एक खरं झालं म्हणून दुसरं खोटं होत न्हाई, तेच अवघड हाय.

ओढ्याकाठच्या झाडाला ह्या वर्षी लय जांभळं आली. उतरवायला मी गेले न्हाई. खाली सडा पडला, पाखरांनी खाल्ली, बाकीची वाळली.

तू येऊ नको. मी बोलवीन तवाच ये. बोलवीन का न्हाई, ते मला आज सांगता येत न्हाई.

तवर पत्रं टाकत जा. उत्तर देईनच असं न्हाई. पर वाचीन.

शालू